आलेखाला दोन बिंदू पुरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत दहावीच्या बीजगणिताच्या टिप्स आल्यात, बाकी ठीक आहे पण आलेखाच्या प्रश्नाला (दोन समीकरणांच्या दोन रेषा काढायच्या, त्या छेदतात तो बिंदू म्हणजे उत्तर) 'दोन बिंदू काढा, पट्टीने जोडा, वेळ वाचवा' असं छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे बरोबरच आहे, पण बिंदू चुकीचे असले तरी ती जातेच ना, तक्रार करत नाही बिचारी.

मी शिकवणी घेतो, दर वर्षी हेच बघतो. २एक्स − वाय = ४ घ्या. एक्स शून्य ठेवला की वाय उणे ४ येतो, पोरं ते उणे गिळतात आणि (०, ४) लिहून मोकळी. दुसरा बिंदू (२, ०), तो बरोबर. जोडली रेषा, आलेख दिसायला झकास, फक्त उजवीकडे चढायची ती उतरायला लागली. मग एक्स + वाय = ५ ही दुसरी रेषा तिला छेदते (−१, ६) मध्ये, खरं उत्तर (३, २), आणि मार्क गेले. तिसरा बिंदू काढला असता तर तो रेषेबाहेर पडला असता आणि तिथल्या तिथे कळलं असतं की कुठेतरी गडबड आहे, अर्धा मिनिट लागतो हो त्याला! (काही महाभाग तिसरा काढतात आणि तो बसत नाही म्हटल्यावर खोडरबर घेऊन बिंदूच सरकवतात, त्यांचं काय करायचं ते मला पण माहीत नाही.)

शेवटी आलेलं उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघा हे पण तुमच्या टिप्समध्ये कुठेच नाही. वरच्या चुकीच्या उत्तरात २ गुणिले −१ वजा ६ म्हणजे −८ येतात, ४ नाही, विषय संपला.

अजून एक. वाय = ३ ची रेषा काढ म्हटलं की हमखास उभी काढतात, कारण वाय-अक्ष उभा असतो. ती आडवी का, तर एक्स काहीही असू दे वाय ३ च राहणार, हे कोणी सांगितलेलंच नसतं. आणि एक्स + वाय = ५ बरोबर एक्स + वाय = ३ दिलं तर रेषा समांतर येतात, तेव्हा एकाने विचारलेलं, सर अजून एक आलेख कागद जोडू का, पुढे कुठेतरी छेदतील. छेदतच नाहीत म्हणजे उत्तरच नाही, हे नुसती आकडेमोड करून पटत नाही, आलेखात डोळ्याला दिसतं. देकार्त आणि फर्मा या गणितज्ञांनी सतराव्या शतकात समीकरणाची आणि रेषेची गाठ घालून दिली, आपण तिचं चार मार्कांचं चित्र करून ठेवलंय.

साधं उदाहरण द्या ना मुलांना. एक टेम्पोवाला ५०० रुपये आणि वर किलोमीटरला १५ घेतो, दुसरा २०० आणि किलोमीटरला २५. दोन्ही रेषा काढल्या की ३० किलोमीटरला ९५० वर भेटतात, त्याच्या आत दुसरा स्वस्त, पुढे पहिला. असं एकदा करून घेतलं की छेदबिंदू कशाला काढतात हे परत विचारत नाहीत.

तर पुढच्या पुरवणीत तेवढं 'तीन बिंदू' करून छापा, आणि परीक्षेच्या आधी छापा, नंतर उपयोग नाही.

आपला,
एक शिकवणीवाला वाचक, सातारा