तळ्याला दर्जा मिळाला, पाणी कधी?

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने नवी मुंबईत नेरुळच्या 30 एकरांच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली, त्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात. दर्जा कागदावर मिळतो, पाणी खाडीला जोडणाऱ्या नळातून यावं लागतं.

आपल्या कार्यालयाला बहुधा हे कुणी सांगितलेलं नाही : रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ठाणे खाडीच्या चिखलावर ओहोटीला खातात. भरतीत तो चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला उथळ पाणी लागतं. ती जागा म्हणजे हे तळं. 2022 मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, 6521 हेक्टर. पण भरतीला टेकायच्या जागा राहिल्या हद्दीबाहेर. जेवणघर सरकारचं, निजायची खोली बिल्डरची!

भरतीचं पाणी आणणारा हा नळ गाळाने-प्लास्टिकने तुंबला की पाणी साचतं, शेवाळाचा तवंग धरतं, उन्हात आटतं, तळाला भेगा पडतात. पावसाळ्यात गोडं पाणी अडून पाणकणीस माजतं. नुसतं तोंड साफ करूनही भागत नाही. नळाचा तळ भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या पातळीखाली हवा. वर बसवला तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच पाणी शिरतं आणि मधले दिवस तळं कोरडं. आतल्या बाजूला उंबरा हवा, नाहीतर ओहोटीला सगळं पाणी परत खाडीत. खाडीच्या बाजूला जाळी, आणि ती पावसाळ्याआधी व ऑक्टोबरात, पक्षी यायच्या आत, साफ करायची. रोहितांना गुडघाभर पाणी चालतं, सैबेरियाकडून येणाऱ्या लहान तुतारी पक्ष्यांना दोन-चार इंचच. म्हणून तळ्याचा तळ उतरता ठेवा. जेसीबी लावून सुशोभीकरण करणाऱ्यांना हे आधीच बजावा.

2024 च्या उन्हाळ्यात हेच तळं आटलं, परिसरात दहाएक रोहित मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत चाळीसेक गेले. टेकायची जागा हिसकावलेले थवे कुठे भरकटतात, याचा विचार शेजारी नवा विमानतळ उभारलेल्यांनी तरी करावा. इकडे शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणतात, चौकाचौकांत गुलाबी पुतळे. पुतळ्यांना भरती लागत नाही, हे खरं.

पत्र दिलं की नियोजनवाले म्हणतात ही आमची विकासाची जमीन, वनखातं म्हणतं ताबा आमच्याकडे नाही, पालिका म्हणते नळ आमचा नाही. वर 2017 चे पाणथळ नियम, ज्यांत मिठागरं पाणथळच नाहीत! पक्ष्यांची मोजणी लाखावर गेली की श्रेय घ्यायला तिघेही हजर. निवेदनं देऊन आमची बोटं झिजली, पोच तेवढी नियमित मिळते.

तेव्हा एवढंच कळवा : अधिसूचना कोणत्या तारखेला, नळाच्या पातळीची मोजणी कोण करणार, आणि जाळी साफ करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची. उत्तरात ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असेल तर टपालखर्च वाचवा. तसली पत्रं आमच्याकडे आहेत.

आपले,
खाडीकाठचे पक्षीनिरीक्षक