प्रसादाची बाटली

महोदय,

'सगळेच धर्म दारू निषिद्ध मानतात' असे एका वाचकाने लिहिले आहे. इतके सरसकट नको! १ एप्रिल २०२५पासून उज्जैनसह मध्य प्रदेशातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूची दुकाने बंद झाली. तरी उज्जैनच्या कालभैरवाला नैवेद्य मद्याचाच. बाटली बाहेरून न्यायची, एवढाच फरक.

मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. पुजाऱ्यांनी बशीत मद्य ओतून मूर्तीच्या ओठांना लावले, बशी रिकामी झाली आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून आमच्या हाती आली. मावशी माळकरी. त्यांनी बाटलीला नमस्कार केला, हात मात्र लावला नाही. ती गाडीत कुणी धरायची, यावर थेट इंदूरपर्यंत वाद!

शेजारच्या बौद्ध कुटुंबात पंचशीलातले पाचवे शील म्हणून मद्य वर्ज्य. माझ्या मुसलमान मित्राला ते हराम. कॅथलिक सहकाऱ्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीला, मात्र द्राक्षाची वाइन लागतेच. काही प्रोटेस्टंट पंथ तिथेही नुसता रस वापरतात.

दुकाने बंद केली त्याचे स्वागतच आहे. पण प्रसादाच्या उरलेल्या बाटलीचे भाविकांनी काय करायचे, याची एक पाटी मंदिराबाहेर लावावी. आमची अजून माळ्यावर आहे.

— एक वाचक, इंदूर