२०७च्या ड्रायव्हरदादांचे आभार

लंडनमधल्या साउथॉलच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात मी दर गुरुवारी मदतीला जाते. परवा स्मृतिभ्रंश असलेल्या एका पंजाबी आजींना २०७ नंबरच्या बसने घरी सोडायला निघाले होते. ईलिंग हॉस्पिटलच्या थांब्यावर गर्दीत त्या कधी उतरल्या, कळलंच नाही. बस सुटली आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं.

मी ओरडले. दादांनी एकही प्रश्न न विचारता बस बाजूला घेतली. आजी थांब्यापाशीच होत्या, थंडीत, एका पायात चप्पल नाही. मला ते दिसलंसुद्धा नव्हतं. दादांनी ती शोधली, ओल्या फूटपाथवर गुडघे टेकून आजींच्या पायात सरकवली आणि हात पुढे केला, "चलो बीजी." भरलेल्या बसमधलं कुणीही कुरकुरलं नाही.

दादा, नाव विचारायचं राहिलं. तुमचे आणि त्या सगळ्या प्रवाशांचे मनापासून आभार.