काका, तुम्ही दिवा मालवलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर दोनदा आभार मानायला लागलो आणि दोन्ही वेळा तुम्ही "सोड रे, जेवलास काय ता सांग" म्हणून विषय मोडलात. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. इथे तुम्हाला मला अडवता येणार नाही. पेडण्यातले तुमचे लोक वाचतील, भाची तुम्हाला वाचून दाखवील आणि तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. फ्रान्सहून परत येऊन तीन आठवडे झाले, पण अजून रात्री मध्येच जाग येते. रॉडचा अलार्म वाजला असं वाटतं. मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. माझे बाबा कुर्डीचे. गोव्यातल्या साळावली धरणात गेलेलं कुर्डी. गाव उठलं तेव्हा ते विशीत होते, तेव्हापासून आमचं घर वाडें वसाहतीत. गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, त्यांच्या हातात लहानपणापासूनचं. रॉड नाही, रीळ नाही. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिसं आणि गरी म्हणजे गळ, तंगूसाचं एक वेटोळं तर्जनीला. मासा लहान लागला की गरी सोडवून त्याला पाण्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "व्हडलो जावन यो." मोठा होऊन ये. मी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून हे ऐकत आलो. दर मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं, सोमेश्वराचं देऊळ वर येतं, घरांची जोती दिसू लागतात, जुनी माणसं जमतात. बाबा एकही वर्ष चुकले नाहीत. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसून डबा खायचे.

माझा शाळासोबती इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिकडच्या लोकांच्या नादाने त्याला कार्पचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या माशाचं, वेड लागलं आणि तो दर वर्षी फ्रान्सला जायला लागला. त्याने एकदा देर सरोवराच्या काठावरच्या एका चर्चचा फोटो पाठवला. मार्न नदीचं पाणी वळवून भरलेलं हे धरण 1974 सालचं, पॅरिसला पुरापासून वाचवण्यासाठी बांधलेलं. पसारा 48 चौरस किलोमीटर. त्यात तीन गावं गेली: शांतकोक, शांपोबेर आणि न्वीझमाँ. न्वीझमाँचं लाकडी चौकटींचं चर्च सोडवून दुसरीकडे नेऊन उभं केलं. शांपोबेरचं मात्र आहे तिथेच राहिलं, गावाशिवाय. बाबांनी तो फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "थंयय अशेंच." तिथेही असंच. मग फोन परत देताना म्हणाले, "वचून यो." जाऊन ये.

जूनमध्ये बाबा गेले. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघे गोव्यातून निघालो, चौथा स्विंडनहून गाडी घेऊन येणार होता.

घरच्यांपैकी काही जणांनी बोलून घेतलं. बाप जाऊन वर्ष नाही झालं आणि हा मासे धरायला विमानाने चालला. आणि मासा खायचाही नाही, धरून परत सोडायचा! समुद्राचं मासळीचं ताट सोडून आमच्याकडे गोड्या पाण्यातला मासा कोण शिजवतो, तेव्हा त्यांना ते विचित्र वाटलं हे मी समजू शकतो. पण बोलणाऱ्यांपैकी एकही जण बाबांच्या खाटेशी एक रात्र बसायला आला नव्हता. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कळणार नाही.

दुसरे ते गृहस्थ, ज्यांनी आमच्याकडून आगाऊ पैसे घेतले. रॉड, तंबू, जाळं, परवाने, वाटाड्या, सगळं माझ्याकडे, तुम्ही फक्त या, म्हणाले होते. आपल्याच भाषेत, गोड बोलून. आम्ही काठावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि त्यांचा फोन बंद होता. सातला बंद, नऊला बंद. वारा असा की दात वाजत होते. चार माणसं, एक गाडी, मित्राचे स्वतःचे दोन रॉड आणि बिस्किटांचे पुडे. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की बोलणारे खरं तेच बोलले होते.

मित्राने कोणाकोणाला फोन केले, कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही पॅरिसमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतात, मागे भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. आम्ही कोण, कुणाचे, पैसे किती बुडाले, काही विचारलं नाहीत. "खंय आसात नेमके?" एवढंच. आणि रात्री एकच्या सुमाराला दोनशे किलोमीटर गाडी हाकून तुम्ही आलात. दिवसभर उभ्याने काम करून. मागची सीट आडवी करून सामान कोंबलेलं. तंबू तुमच्या फ्रेंच शेजाऱ्याचे. त्या माणसाने आमचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यालाही माझा नमस्कार सांगा.

गाडीतून उतरून तुमचा पहिला शब्द "जेवलात?" आणि दुसरा, "हय रात्रीचो गळ टाकू नकात." सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तिथे मासेमारी थांबवावी लागते, आणि कार्पसाठी रात्री बसता येतं ते फक्त आखून दिलेल्या पट्ट्यात, हे आम्हाला कुठे माहीत? त्या गृहस्थांनी सांगितलेली जागा पट्ट्याबाहेरची होती. सकाळी पहारेकरी आला असता तर दंड आमच्या गळ्यात. तुम्ही अंधारात आमचं सगळं बिऱ्हाड उचलून हलवलंत. मग डब्यातून पेज काढलीत. फ्रान्समध्ये, रात्री दोन वाजता, उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं, आपल्या कोवळ्या कैऱ्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गाठ शिकवलीत. बाबांच्या गरीवर आमिष ओवलेलं असायचं, सुंगट म्हणजे कोळंबी, नाहीतर गांडूळ. इथे आमिष गरीच्या बाहेर, केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबतं. कार्पच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात. तो चिखलातलं सगळं ओढून घेतो, तपासतो आणि नको ते थुंकतो. थुंकताना मोकळी गरी खालच्या ओठात बसते. इंग्लंडमध्ये 1980 च्या आसपास कुणाच्या तरी डोक्यातून ही युक्ती निघाली आणि सगळी कार्पची मासेमारी बदलली, असं तुम्ही सांगत होतात आणि तुमची बोटं गरीच्या दांड्याभोवती आठ वेढे घालत होती. कांदा चिरून चिरून काळी पडलेली बोटं. माझी गाठ सहा वेळा सुटली. सहाही वेळा तुम्ही कात्री पुढे केलीत आणि नवा दोरा दिलात. "दे, मी करतंय" असं एकदाही म्हणाला नाहीत.

दुपारी आपण काठाने चाललो. तिथलं पाणी हिवाळा-वसंतात भरतात आणि उन्हाळाभर नदीत सोडत राहतात, म्हणून ऑक्टोबरात सरोवर खाली गेलेलं. आपलं मे महिन्यात उतरतं, त्यांचं शरदात. उघड्या पडलेल्या चिखलात मैलभर झाडांचे बुंधे, आणि वर क्रौंच पक्ष्यांचे थवे, हजारोंनी, उत्तरेकडून स्पेनला निघालेले. त्यांचा आवाज लांबून येतो, आधी कर्ण्यांसारखा आणि मग सगळं आभाळ भरून. तुम्ही हात दाखवून म्हणालात, इथे गाव होतं. तेव्हा मी कुर्डीचं सांगितलं. तुम्ही थांबलात. "मोगूबाईंचा कुर्डी?" म्हणालात. परक्या मुलखात माझ्या बुडालेल्या गावाची ओळख गाण्यामुळे निघाली. गायिका मोगूबाई कुर्डीकर 1904 साली आमच्या गावात जन्मल्या, हे बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. मी तुम्हाला बाबांबद्दल सांगितलं ते एवढंच. लहान मासा सोडताना ते काय म्हणायचे, तेही ओघात आलं. मी विसरूनही गेलो.

दोन रात्री कोरड्या गेल्या. तुमची सुट्टी संपत आली होती. तिसऱ्या रात्री साडेतीनला माझ्या रॉडचा, मासा लागला की वाजणारा, अलार्म ओरडला.

त्या पंचवीस मिनिटांतलं मला सलग काही आठवत नाही. रीळ फिरत होतं आणि मासा उजवीकडच्या बुंध्यांकडे निघाला होता. मी घाबरून ओढायला लागलो. तुम्ही मांडीपर्यंत पाण्यात, हातात जाळं, आणि शांतपणे, "वडू नको, तेका जाव दी. परत येतलो तो." बाकीचे दोघे तिघे सूचना करत होते, दिवे हलत होते. मी एकदा तुमच्याकडे रॉड पुढेही केला, माझ्याच्याने होईना म्हणून. तुम्ही जाळं दोन्ही हातांनी धरून ठेवलंत. रॉड घ्यायला हात मोकळा ठेवलाच नाहीत.

मासा आला. अंगावर मोजकी, रुपयाएवढी मोठी खवलं, पोटाला सोनेरी छटा, ओठाच्या कडेला कुणाच्या तरी जुन्या गरीची भरलेली खूण. तुम्ही मासा ठेवायच्या मॅटवर आधी सरोवराचं पाणी ओतलंत, माझे हात ओले करायला लावलेत, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. साडेसतरा किलोला थोडा कमी भरला. तिकडे हौशी मासेमाराने साठ सेंटिमीटरपेक्षा मोठी कार्प जिवंत कुठे न्यायची नाही असा कायदा आहे, आणि रात्री धरलेली तर तिथल्या तिथेच सोडायची. फोटो झाला. मी गुडघ्यावर बसून तिला पाण्यात धरलं. कल्ले हलायला लागले, शेपटीत जोर आला.

आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हडलो जावन यो."

सतरा किलोच्या माशाला! माझे मित्र हसले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. मासा हातातून गेला आणि मला रडू फुटलं. बाबा गेले तेव्हा सगळे विधी, कागद, माणसं, आईला सावरणं, या सगळ्यात मी रडलोच नव्हतो. पाच महिन्यांचं एकदम आलं, आणि माझ्या तोंडावर तीन कपाळांवरच्या दिव्यांचा उजेड होता.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तुमचा दिवा मालवलात. आणि बाकीच्यांना म्हणालात, "दिवे बंद करा रे, मासो भियेता."

मासा तर केव्हाच गेला होता.

त्यांनी दिवे मालवले. तुम्ही माझ्याकडे पाठ करून मॅट धुवायला बसलात. ती मॅट धुवायला दोन मिनिटं पुरली असती. तुम्ही कितीतरी वेळ धूत होतात, पुन्हा पुन्हा पाणी ओतत होतात, त्या आवाजात माझा आवाज झाकला जात होता. माझ्या खांद्यावर हात ठेवला नाहीत, समजूत काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मला कुणीतरी अंधार दिला, काका. आजवर मला मिळालेल्या मदतीत एवढी मोठी दुसरी नाही.

मी यावर खूप विचार केला. दोनशे किलोमीटर गाडी चालवणं दिसतं, तंबू दिसतात, पेज तर मी जन्मभर सांगत राहीन. त्यासाठी तुम्हाला हात जोडतोच. पण माणसाचा चांगुलपणा मला कळला तो "मासो भियेता" या दोन शब्दांच्या आडोशात. मदत करताना मदत घेणाऱ्याला उघडं न पाडणं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? तुमच्यासारखी माणसं आपल्याकडे अजून आहेत. बाबांच्या शेवटच्या दिवसांत एक वॉर्डबॉय होता, बाबांची चादर बदलायला आला की आधी मला चहा आणायला पिटाळायचा. तेव्हा मला राग यायचा. आता कळतं की बाबांना माझ्यासमोर लाज वाटू नये म्हणून तो तसं करायचा. त्याचं नावही विचारायचं राहून गेलं.

आगाऊ पैसे घेणाऱ्या त्या गृहस्थांचा नंतर एक निरोप आला, काहीतरी अडचण होती म्हणून. पैसे आले नाहीत. त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की तुम्ही चार माणसांना परक्या देशात थंडीत उघड्यावर सोडलंत, हे मी विसरणार नाही आणि विसरायचा प्रयत्नही करणार नाही. ज्याला आम्ही एक पैसा दिला नव्हता तो माणूस स्वयंपाकघरातून उठून आला.

काका, तुम्ही पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत, ते मी आईला सांगितलं. ती ओरडली मला. तिने तोरं खारात घातली आहेत, पेडण्याला तुमच्या घरी पोचवतो, कुणी तिकडे जाणारं असलं तर तुमच्यापर्यंत येतील. आणि तुम्ही म्हणालात तसे खरंच मे महिन्यात गोव्यात येणार असाल तर एक दिवस माझ्यासाठी ठेवा. पाणी उतरलेलं असेल. सोमेश्वराकडे नेतो, मग आमच्या घराच्या जोत्यावर. उंबरा अजून शाबूत आहे, दोघांना बसता येतं. बाबांचा तंगूस आणि गरी मी जपून ठेवली आहे, तीही बरोबर घेईन.

तुमचा,
वाडेंचा, मूळ कुर्डीचा