दप्तर रद्दीतून वाचवणाऱ्या काकांना थँक्यू

काका नमस्कार, नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. गेल्या महिन्यात सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात, मी कापडी पिशवीत मोडी लिपीतल्या जुन्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, घेऊन आले होते बघा. माळ्यावर सापडलेला, आणि घरात तो रद्दीत द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं.

मला तर एक अक्षर लागेना, शब्दांत जागा नाही, सगळं एका रेघेला लोंबकळतंय. तुम्ही म्हणालात आधी तारीख शोध. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातली तारीख, आणि पुढे अरबी आकड्यांत वर्ष, ते इसन्ने सबैन मया व अलफ, म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार, 1172 झाले, त्यात 599-600 मिळवा की इसवी सन 1771-72. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या वेळचा कागद! आत होतं काय तर दोन बैल आणि थकलेलं कर्ज, पण माझ्या अंगावर काटा आला.

मग चहा पिताना तुम्ही इतिहासाचार्य राजवाड्यांचं सांगत बसलात. बायको तरुणपणीच गेली, परत लग्न नाही, स्वतःच्या हातानं रांधायचं आणि गावोगाव लोकांच्या जुन्या कागदांची दप्तरं शोधत हिंडायचं. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा, आणि असे एकूण 22 खंड. इंग्रजीत लिहायचं नाही म्हणजे नाही, सगळं मराठीत. 7 जुलै 1910 ला खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर हे मंडळ काढलं आणि पुढे त्याच मंडळींशी बिनसलं, हे सांगताना तुम्ही जे हसलात ना! स्वभाव भयंकर तिखट असणार. शेवटी धुळ्याला गेले, 31 डिसेंबर 1926 ला तिथेच वारले, आणि मग धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. भांडून निघालेल्या माणसाच्या खात्यावर दोन मंडळं, कमालच आहे.

घरी येऊन मी हे सगळं जेवताना ऐकवलं, तर रद्दीवाल्याला फोन करणारे आमचे काकाच म्हणाले, राहू दे गं तो रुमाल. त्यासाठी खरंच थँक्यू. फोटो काढून झालेत, अजून 40 कागद वाचायचेत, आणि हो, तुमचं भिंग माझ्याच पिशवीत आलंय, शनिवारी घेऊन येते.