सोलं वाळायच्या आत

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेले की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मागून आई विचारते, जेवलीस का. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून तुम्हीच मोठ्याने वाचा, चुलीपाशी आईला ऐकू जाईल असं.

परवा तुम्ही पुन्हा म्हणालात, "संपात पडलो आणि आयुष्याची माती झाली." 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या जवळजवळ अडीच लाख गिरणी कामगारांनी काम बंद केलं. तुम्ही एकटे पाळीवर गेला असतात, तर गिरणी वाचली असती? जुनाट साचे, भिवंडीच्या मागांवरचं स्वस्त कापड, पुढे गिरण्यांच्या जमिनीला आलेला सोन्याचा भाव, यातलं तुमच्या हातात काय होतं? आणि अख्खं साचेखातं बाहेर बसलेलं असताना तुम्ही आत शिरला असतात, तर आज त्याच खळ्यात बसून "तेव्हा फुटलो" म्हणून हळहळला असतात. ते ऐकणं मला जास्त जड गेलं असतं.

नंतर वॉचमन झालात, त्याची लाज तुम्हाला वाटते. आम्हाला कधी वाटली नाही. रात्रपाळीहून येऊन, चहासुद्धा न घेता, माझ्या वह्यांना खाकी कव्हरं घालून द्यायचात. तुटलेला धागा जोडायची सवय असलेली ती बोटं कोपरा अशी दुमडायची की वर्ष संपलं तरी कव्हर सुटायचं नाही.

संपाची खंत तुम्ही रोज उगाळता. जी खरी तुमच्या हातातली होती, तिचं नावही काढत नाही. ती आईची आहे.

त्या दहा बाय बाराच्या खोलीत आईने खानावळ चालवली. संप लांबला तशी जेवणारी माणसं गावाला निघून गेली आणि थकलेले पैसे वहीतच राहिले. हे तुम्ही "तिचाही हातभार होता" एवढ्यात उरकता. त्याच्या आधीचं तर सांगतच नाही. खानावळवाल्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असायच्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि गट करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आपल्या चाळीतल्या बायका गेल्या. आईनेही नाव दिलं होतं. तुम्ही म्हणालात, "बायकोच्या नावावर कर्ज? लोक काय म्हणतील?" आईने नाव मागे घेतलं.

मला हे तिने गेल्या गणपतीत सांगितलं, मोदकाची पारी करता करता. तक्रारीचा सूर नव्हता. "तेव्हा गेले असते तर स्वतःचा गाळा झाला असता गो," एवढंच म्हणाली आणि सारणाचं ताट पुढे ओढलं.

आता गावातला बचत गट कोकमाचं आगळ आणि सोलं करून विकायचं म्हणतोय, हिशेबाला आईला बोलावतोय, आणि तुमचं सुरू झालं, "या वयात कशाला दगदग?" बाबा, रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, हे ती दर वर्षी करतेच की! मुंबईच्या पाहुण्यांना पिशव्या भरभरून फुकट देते. तेव्हा नाही दिसत ती दगदग? पैसे आले की मगच दिसते?

आई, मध्येच "जाऊ दे गो" म्हणू नकोस. तुला हवंय, मला माहीत आहे. नको असेल तर तसं तू सांग, बाबांनी नको.

मी मेच्या सुरुवातीला येतेय. पावसाच्या आत सोलं वाळली पाहिजेत, तेव्हा बाबा, खळ्यातली लाकडं तेवढी पडवीत रचून घ्या. बाटल्या कणकवलीत ठोक भावात काय पडतात, तेही विचारून ठेवा. घासाघीस करण्यात तुमचा हात कोण धरणार? आणि आई, बँकेत तुझ्या खात्याला माझा मोबाईल नंबर दिलाय. तो बदलून तुझा घालू, म्हणजे आलेल्या पैशांचा मेसेज तुलाच येईल.

तुमची,
बेबी