बावटा चढला, फोन मुका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा शेजारच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीचे सचिव एक कोटेशन घेऊन आमच्या पडवीत आले. सोसायटीला मोबाइल अ‍ॅप करून घ्यायचे आहे, तू जरा नजर घाल, म्हणाले. बर्फाचा भाव, डिझेल, सभेची सूचना, हवामानाचा इशारा, सगळे दोन पानांत व्यवस्थित मांडले होते. तळाशी एक ओळ होती : 'देखभाल एक वर्ष मोफत'. ती वाचली आणि मला २०२४ चा ऑगस्ट आठवला. आपला पेपर किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांवर वाचला जातो, म्हणून हे लिहिते आहे.

मी पंधरा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि २०२१ साली देवगडला परतले. घरची कलमे बघते, उरलेल्या वेळात आमच्या सोसायटीचे संगणकाचे काम करते. सोसायटीचे अ‍ॅप माझ्या आधीचे, बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलेले. बंदरावर खराब हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला की कारकुनाने बटण दाबायचे आणि तांडेलांच्या, म्हणजे बोटी चालवणाऱ्या प्रमुखांच्या, फोनवर घंटा वाजायची, एवढेच त्याचे खरे काम. बाकी सगळी आरास.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. ती उठून आठवडाही झाला नव्हता आणि तीन नंबरचा बावटा चढला. कारकुनाने बटण दाबले, पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले, 'संदेश पाठवला'. माझा चुलत भाऊ तेव्हा बोट घेऊन बाहेर होता. त्याला कळले ते कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर एकामागोमाग देवगडच्या खाडीकडे वळताना दिसले म्हणून. एरवी त्या ट्रॉलरांच्या नावाने आम्ही बोटे मोडतो, त्या दिवशी तेच आमचा बावटा झाले. संध्याकाळी जेटीवर पाय ठेवताच दादाने मला गाठले. "गो बाय, तुजा अ‍ॅप निजला काय? माका कायच येवक नाय."

कोणालाच आले नव्हते. नुकसान झाले नाही, त्यामुळे बातमीही झाली नाही.

रात्री सर्व्हरवरचा कोड उघडून बसले. अँड्रॉइड फोनवर असे संदेश गूगलमार्फत जातात. ही सोय २०१० साली सीटूडीएम नावाने आली, २०१२ मध्ये तिची जीसीएम झाली, २०१६ मध्ये एफसीएम. २०१९ मध्ये जीसीएम कायमची बंद झाली, तेव्हा कंपनीने 'नवीन प्रणालीवर स्थलांतर' असे बिल लावले होते. ते बिल सोसायटीच्या फायलीत आहे. प्रत्यक्षात सर्व्हरवर संदेश पाठवायच्या पत्त्यात जीसीएमच्या जागी एफसीएम घातले होते, बाकी काना-मात्राही हललेली नव्हती. तरीही चालले, कारण एफसीएमने जुनी पद्धत मागच्या दाराने चालू ठेवली होती. ते दार बंद करणार असे गूगलने २० जून २०२३ ला जाहीर केले आणि २२ जुलै २०२४ पासून टप्प्याटप्प्याने केलेही. म्हणजे ऐन बंदीत. बोटी वर ओढलेल्या, माणसे जाळी शिवायला बसलेली. फोन मुका झाल्याचे कळणार कोणाला?

आणि ती हिरवी अक्षरे? कोड संदेश पाठवत होता, पण पलीकडून काय उत्तर आले ते वाचतच नव्हता. उत्तर येत होते ४०४, म्हणजे असा पत्ताच इथे नाही. पोस्टमन पत्र परत घेऊन दारात उभा आणि आपण वहीत 'पोचले' लिहून मोकळे.

गूगलचा हा बदल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीत एकच लांबलचक किल्ली कोडमध्ये वर्षानुवर्षे पडून असायची. ती ज्याच्या हाती लागेल तो सोसायटीच्या नावाने वाटेल तो संदेश पाठवू शकत होता. नव्या पद्धतीत सर्व्हिस अकाउंटची फाइल, म्हणजे सर्व्हरचे ओळखपत्र, लागते आणि तिच्यावरून तासाभरापुरता परवाना मिळतो. पण ती फाइल गूगलकडे उघडलेल्या प्रोजेक्टच्या खात्यातूनच काढावी लागते, आणि आमचे खाते होते कंपनीतल्या एका मुलाच्या खासगी जीमेलवर. तो केव्हाच नोकरी सोडून परदेशी गेलेला. बंद होण्याच्या सूचना आल्या असतील त्या त्याच्याकडेच. कंपनीने दोनदा फोन उचलला, नंतर तोही नाही.

शेवटी नवे प्रोजेक्ट उघडले. प्ले स्टोअरचे खाते सोसायटीच्या नावावर होते, मूळ कोड आणि सही करायची फाइल पेनड्राइव्हवर, हे आमचे नशीब. पण प्रोजेक्ट बदलले की प्रत्येक फोनची नोंद नव्याने व्हावी लागते. डेटा वाचवायला बहुतेकांनी आपोआप अपडेट होणे बंद ठेवलेले. मग जेटीवर खुर्ची टाकून दोन दिवस बसले. येईल त्याचा फोन हातात घ्यायचा, अपडेट मारायचे, अँड्रॉइड १३ किंवा पुढचे असेल तर सूचनांची परवानगी दिली आहे ना ते बघायचे. कित्येकांनी 'नको' दाबून ठेवले होते. जुन्या यादीतले निम्मे फोन तर समुद्राच्या तळाशी असावेत.

माझ्याही चुका झाल्या. परवाना मिळाला तो मी तसाच कोडमध्ये चिकटवला, संदेश गेला, खुशीत जेवायला उठले. परत येते तो तास संपलेला आणि परवाना बाद. मग मुकाट्याने गूगलची अधिकृत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतली, ती परवाना स्वतःच बदलत राहते. दुसरी गंमत बावट्याच्या नंबरची. जुनी पद्धत तीनचा आकडा आकडा म्हणून घेत होती, नवीला संदेशासोबतच्या माहितीत सगळे अक्षररूप लागते. अवतरणात न घातलेल्या एका तीनवर माझी अख्खी संध्याकाळ गेली, त्यात मध्येच वीज. शिवाय पूर्वी एका विनंतीत हजार फोन बसत, आता एका फोनला एक विनंती. बर्फाच्या भावासाठी मी टॉपिक वापरला, म्हणजे एकदाच पाठवले की वर्गणीदार सगळ्यांना जाते. (टॉपिकचे नाव देवनागरीत चालत नाही. 'बर्फ' रोमन अक्षरांत लिहावे लागले.) बावटा मात्र एकेका फोनला वेगळा पाठवते, कारण टॉपिकचा संदेश एखादवेळी रेंगाळतो. भावाला उशीर चालतो, वाऱ्याला नाही. ज्या फोनची नोंद रद्द झाल्याचे उत्तर येते तो आता यादीतून लगेच निघतो, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांऐवजी किती फोनांच्या नावाने गूगलने संदेश स्वीकारला आणि किती परत आले, तो आकडा दिसतो. १९ ऑगस्टच्या नारळी पौर्णिमेआधी हे सगळे उरकले.

म्हणून ज्या सोसायट्या आणि ग्रामपंचायती अ‍ॅपसाठी पैसे मोजणार आहेत त्यांना सांगायचे आहे की, गूगलची खाती संस्थेच्या ईमेलवर उघडून घ्या, कंपनीतल्या कुणा पोराच्या नव्हे. ज्या सेवेवर किंवा लायब्ररीवर सगळे उभे आहे ती बंद झाली तर नवीवर नेण्याचे काम कोण करणार, किती दिवसांत आणि कितीला, हे करारात लिहून घ्या. वर्षभराची मोफत देखभाल त्याला पुरत नाही. २०१० पासून ही व्यवस्था दोनदा बदलली, शिवाय २०२४ चा हा दणका, म्हणजे पुढचा बदल येणार हे धरूनच चाला. आणि दर महिन्याला एक चाचणीचा संदेश पाठवून दोन-चार तांडेलांना तोंडी विचारा, वाजला का? आमच्याकडे हे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होते. दादा उत्तर देतो, पण बंदरावरच्या बावट्याकडे बघून झाल्यावर.

शेजारच्या सोसायटीचे कोटेशन मी खात्याची आणि नवीवर नेण्याच्या कामाची अशा दोन ओळी पेनाने वाढवून परत दिले आहे. त्यांच्या कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.

आपली,
एक वाचक, देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव संपादकांना कळवले आहे)